पन्नास हजार आसनांचं ओझं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय आज ज्या जागेवर उभं आहे, तिथे एकेकाळी पन्नास हजार प्रेक्षकांचं स्टेडियम होतं. स्टेडियम पाडलं आणि ग्रंथालय बांधलं, एवढंच सांगितलं तर ही शाळेच्या पुस्तकातली बोधकथा वाटेल. खेळ हरला, विद्या जिंकली, असं तात्पर्यही काढता येईल. प्रत्यक्षात घडलं ते इतकं सरळ नव्हतं. त्या मैदानावरून विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि विश्वस्त जवळजवळ पन्नास वर्षं वाद घालत होते. मैदान वाढवायचं की नाही, संघाने कुणाशी खेळायचं, जिंकण्यासाठी कुठवर जायचं, आणि मुळात हा संघ कुणाचा, हे त्या वादातले प्रश्न. अमेरिकेतल्या विद्यापीठांत नव्या स्टेडियमचा विषय निघाला की हेच प्रश्न आजही पुन्हा उभे राहतात. म्हणून ही जुनी हकिकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आधी दोन खुलासे करायला हवेत. इथे फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, समोरच्याने अंगावर झेपावून आडवं पाडायचं, असा तो अमेरिकी खेळ. दुसरा खुलासा प्रेक्षकांबद्दल. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना बघायला दोन्ही कॉलेजांची पाच-पन्नास मुलं जमली तरी पुष्कळ. अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे अख्ख्या गावाचा, कधी अख्ख्या राज्याचा संघ. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये सुमारे ३३ हजार माणसं बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, आणि ते स्टेडियम विद्यार्थ्यांच्या सामन्यांसाठी आहे! हे प्रमाण डोळ्यांसमोर असलं, म्हणजे पुढचा वाद का पेटला ते ध्यानात येईल.

शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ सालची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ती परिषद शहराच्या मध्यभागी झाली. पण ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती भरली, ते प्रदर्शन शिकागो विद्यापीठाच्या अगदी दारात होतं. विद्यापीठ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून १८९० मध्ये त्याची स्थापना झाली आणि १ ऑक्टोबर १८९२ पासून वर्ग भरू लागले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. पंडित असले तरी त्यांची व्यवहारदृष्टी पक्की होती. हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांच्या पाठीशी दोन-अडीचशे वर्षांची पुण्याई होती. कालपरवा जन्मलेल्या विद्यापीठाचं नाव लोकांच्या तोंडी कसं व्हायचं? हार्पर यांनी जगभरातले नामवंत प्राध्यापक गोळा केले, आणि त्याच यादीत एक फुटबॉल प्रशिक्षकही ठेवला.

त्या प्रशिक्षकाचं नाव एमॉस अलोन्झो स्टॅग. येलमध्ये ते हार्पर यांचे विद्यार्थी होते. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून शिकायला आले, पण व्यासपीठावर उभं राहिलं की शब्द फुटेना. मग खेळाच्या मैदानावरच माणसं घडवू, असा विचार करून ते स्प्रिंगफील्ड इथल्या वाय. एम. सी. ए.च्या शाळेत गेले. तिथे त्यांचे सहकारी होते बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ. मार्च १८९२ मध्ये बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असं हरवलं आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांनी केला. याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं आणि १९२४ च्या ऑलिम्पिकसाठी भारताचा संघ तयार करण्यात मोठा वाटा उचलला. आपल्या शारीरिक शिक्षणाची एक मुळी अशी त्या गावापर्यंत पोचते.

हार्पर यांनी स्टॅगना नुसती नोकरी दिली नाही, तर प्राध्यापकाचा दर्जा देऊन कायमची नेमणूक दिली. पगार वर्षाला २,५०० डॉलर. हरलास तर घरी जा, असं या प्रशिक्षकाला कुणी म्हणू शकणार नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

मैदानाला जागा मिळाली ती शिकागोचे बडे दुकानदार मार्शल फील्ड यांची. इंग्रजीत फील्ड म्हणजे मैदान, त्यामुळे दात्याचं नाव दिलं आणि मैदानाचं बारसंही आपोआप झालं! स्टॅग यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून कुंपण घातलं, लाकडी बाक उभे केले. १८९३ मध्ये खेळ सुरू झाला. मुलांनी आपल्या हातांनी उभं केलेलं मैदान, म्हणून ते मुलांचंच, अशी भावना होती. पण कुंपण घालण्याचं कारण चेंडू बाहेर जाऊ नये हे नव्हतं. तिकीट न काढता कुणी आत येऊ नये, हे होतं.

१८९६ मध्ये शिकागोसह आसपासच्या सात विद्यापीठांनी मिळून एक क्रीडासंघटना स्थापन केली. हीच पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्धीला आली. हेतू असा की खेळावर प्राध्यापकांचा वचक राहावा आणि भाडोत्री खेळाडूंना आळा बसावा. हेतू चांगला होता. पण त्याच दहा वर्षांत गल्ला वाढत गेला आणि गल्ल्याबरोबर मोहही.

३० नोव्हेंबर १९०५ या दिवशी शिकागोच्या मैदानावर मिशिगनशी सामना झाला. मिशिगनचा संघ सलग ५६ सामने अपराजित होता. वीस-पंचवीस हजारांवर लोक जमले आणि शिकागोने सामना २-० असा जिंकला. शहराने तो विजय दिवाळीसारखा साजरा केला. पण त्याच महिन्यात ‘कोलियर्स’ या साप्ताहिकात एक लेखमाला सुरू झाली होती. पश्चिमेकडची विद्यापीठं फुटबॉलचे विजय पैशाने कसे विकत घेतात, हा तिचा विषय. शिकागोचा लाडका खेळाडू वॉल्टर एकरसॉल याचं नाव त्यात होतं. अभ्यासात यथातथा असलेला हा मुलगा विद्यापीठात टिकतो कसा, असा लेखकाचा रोख होता. त्या वर्षी देशभरात या खेळात दीड डझनाच्या आसपास तरुण जिवानिशी गेले होते. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पूर्वेकडच्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कानउघाडणी केली.

म्हणजे बघा, हजारो लोक टाळ्या वाजवत होते आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोल्यांमध्ये अस्वस्थता वाढत होती. १९०६ मध्ये संघटनेने कडक नियम केले. हंगामात फक्त पाच सामने. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संघात जागा नाही. एका खेळाडूला तीनच वर्षं. काही वर्षांत सामन्यांची संख्या पुन्हा वाढू लागली. नियम करणारे सभागृहात होते आणि तिकीट काढणारे मैदानावर. दोघांत संख्या कुणाची जास्त, हे सांगायला नको.

पुढच्या वादाची सुरुवात झाली २८ ऑक्टोबर १९२२ ला, आणि त्यात रेडिओचाही वाटा आहे. त्या दिवशी शिकागो आणि प्रिन्स्टन यांचा सामना होता. टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांवरून त्याचं धावतं वर्णन न्यूयॉर्कला पोचवलं गेलं आणि तिथल्या केंद्राने ते प्रक्षेपित केलं. इतक्या दूरवर फुटबॉल सामना ऐकवण्याचा तो पहिलाच प्रयोग. शिकागोचा संघ आघाडीवर होता, पण शेवटच्या टप्प्यात प्रिन्स्टनने सामना २१-१८ असा फिरवला. सामन्याच्या तिकिटांना मागणी इतकी होती की आसनं असती तर ती अनेकपटींनी भरली असती. हजारो लोक हात हलवत परत गेले. त्यांत विद्यापीठाचे माजी विद्यार्थीही होते. आमच्याच विद्यापीठाचा सामना आणि आम्हालाच तिकीट नाही? तक्रारींचा रोख एकच होता: नवं, मोठं स्टेडियम बांधा.

आजूबाजूला तर स्टेडियमांची लाटच आली होती. पहिलं महायुद्ध संपलेलं, हातात पैसा आणि मोटारगाड्या आलेल्या. ओहायो राज्य विद्यापीठाने १९२२ मध्ये ६६ हजार आसनांचं स्टेडियम उघडलं. एवढी माणसं येणार कुठून, असं काही जणांनी विचारलं होतं, पण त्याच वर्षी मिशिगनविरुद्धच्या सामन्याला सत्तर हजारांवर लोक आले. इलिनॉय विद्यापीठाने १९२३ मध्ये नव्या स्टेडियमवर पहिला सामना खेळला. त्याच्या दर्शनी बाजूला दगडी स्तंभांची रांग उभारून त्यांवर युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांची नावं कोरली. स्मारक म्हटल्यावर वर्गणीला नाही कोण म्हणणार? मिनेसोटानेही आपल्या नव्या स्टेडियमला स्मारकच म्हटलं.

सगळ्यांत हुशारीची योजना मिशिगनची. तिथे आधी प्राध्यापकांची समिती नेमली गेली आणि समितीने स्टेडियमच्या बाजूने कौल दिला. मग प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० कर्जरोखे काढले. व्याज अवघं तीन टक्के. पण रोखा घेणाऱ्याला पुढची काही वर्षं चांगल्या जागेची तिकिटं विकत घेण्याचा हक्क. १९२७ मध्ये स्टेडियम तयार झालं. विद्यापीठाच्या तिजोरीला हात न लावता स्टेडियम बांधलं, असं अभिमानाने सांगता आलं. यात एक बारकावा होता. ज्याने रोखा घेतला तो आता निव्वळ प्रेक्षक उरला नाही. संघाच्या जय-पराजयात त्याचा पैसा अडकला. उद्या कुणी म्हणालं की खेळ जरा कमी करू, तर ते त्याला चालणार नव्हतं.

शिकागोतला वाद या पार्श्वभूमीवर चालला होता. मोठ्या स्टेडियमच्या बाजूचे म्हणत: सगळे शेजारी पुढे जात आहेत. आपण मागे राहिलो तर चांगले खेळाडू येणार नाहीत, चांगले संघ आपल्याकडे खेळायला येणार नाहीत. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणं, कुस्ती, धावणं असे बाकीचे खेळ चालतात, ते बंद पडतील. शिवाय माजी विद्यार्थी वर्षातून एकदा विद्यापीठात येतो तो सामन्यासाठीच. तो आला नाही तर देणगी कुठून येणार? विरोधक म्हणत: आपण संशोधनासाठी विद्यापीठ काढलं की करमणुकीसाठी? एकदा आसनं बांधली की ती भरावी लागतात. ती भरायची तर जिंकावं लागतं. आणि जिंकायचं तर शेवटी प्रवेशाचे नियम वाकवावे लागतात.

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होतं. पण शिकागोने केलं काय? मधला मार्ग काढला. नव्या जागी भव्य स्टेडियम बांधलं नाही. जुन्याच मैदानाला उत्तरेकडे नवा स्टँड जोडून १९२५ च्या सुमारास क्षमता पन्नास हजारांवर नेली. एव्हाना मैदानाला स्टॅग यांचं नाव मिळालं होतं. आसनं वाढवण्याचा निर्णय झाला. संघाची दिशा काय, हा निर्णय मात्र झाला नाही. प्रवेशाच्या अटी तशाच कडक. शेतकी नाही, शारीरिक शिक्षणाची पदवी नाही. राज्य विद्यापीठांत खेळाडूंना सामावून घेणारे असे अभ्यासक्रम होते, ते इथे नव्हते. पदवीच्या वर्गातली मुलंही तुलनेने थोडी. म्हणजे प्रेक्षागार मिशिगनच्या वाटेवरचं आणि वर्ग हार्वर्डच्या वाटेवरचे. एका बैलगाडीला दोन दिशांना जाणारे बैल जुंपल्यासारखं हे झालं.

१९२४ मध्ये शिकागोने संघटनेचं विजेतेपद मिळवलं. ते शेवटचं. त्यानंतर उतार लागला. प्रेक्षकांनाही आता दुसऱ्या वाटा होत्या. शिकागो बेअर्स हा व्यावसायिक संघ शहरात आला होता आणि १९२५ च्या नोव्हेंबरात रेड ग्रेंज हा देशभर गाजलेला कॉलेज खेळाडू त्याला जाऊन मिळाला. सरोवराच्या काठी सोल्जर फील्ड हे महाकाय स्टेडियम उभं राहिलं होतं. तिथे नोत्र दामच्या सामन्याला लाखभर लोक जमत. ज्यांना नुसता जोरदार खेळ बघायचा होता ते तिकडे गेले. पुढे तर ‘मिडवेचे राक्षस’ हे शिकागो विद्यापीठाच्या संघाचं टोपणनावही बेअर्सनी उचललं. मिडवे हा विद्यापीठालगतचा लांबलचक हिरवा पट्टा. नाव तिथलं, वापरणारे दुसरेच.

१९२९ साल उजाडलं आणि तीन गोष्टी एकदम घडल्या. शेअर बाजार कोसळला. कार्नेगी प्रतिष्ठानने शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून कॉलेज खेळांवरचा अहवाल प्रसिद्ध केला आणि बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे मिळतात, हे उघड केलं. आणि शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्षपदी रॉबर्ट मेनार्ड हचिन्स आले. वय अवघं तीस. विद्यापीठ म्हणजे विचारांचं ठिकाण, बाकी सगळं दुय्यम, अशी त्यांची ठाम धारणा होती. स्टॅग यांची सत्तरी उलटताच वयोमर्यादेचा नियम दाखवून त्यांना निवृत्त करण्यात आलं. देऊ केलेलं सन्मानाचं दुसरं पद त्यांनी नाकारलं आणि ते कॅलिफोर्नियातल्या छोट्या पॅसिफिक कॉलेजात प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. १९३८ मध्ये आपला नवा संघ घेऊन ते स्टॅग फील्डवर, म्हणजे स्वतःच्याच नावाच्या मैदानावर उतरले आणि शिकागोला ३२-० असं हरवून गेले. त्या वेळी त्यांचं वय ७६ होतं!

त्याच वर्षी डिसेंबरात हचिन्स यांनी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये कॉलेज खेळांतल्या गल्ल्यावर आणि कीर्तीवर एक घणाघाती लेख लिहिला. रोग पैशाचा आहे, खेळाचा नाही, असं त्यांचं निदान. उपाय दोन सांगितले. तिकीट दहा सेंट करा, आणि प्रशिक्षकांना कायम नेमणूक द्या, म्हणजे जिंकण्याची सक्ती उरणार नाही. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. शिकागोने स्टॅगना कायम नेमणूक १८९२ मध्येच दिली होती. तरीही १९०५ च्या भानगडी टळल्या नव्हत्या. जिंकण्याची सक्ती एकट्या प्रशिक्षकावर नसते. ती भरलेल्या स्टँडमधून येते, वर्तमानपत्रांतून येते, माजी विद्यार्थ्यांच्या पत्रांतून येते. प्रशिक्षकाची नोकरी सुरक्षित केल्याने ती सुटत नाही.

गंमत म्हणजे याच उताराच्या काळात शिकागोने एक असामान्य खेळाडू दिला. जे बरवँगर. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारी, आज हाइझमन नावाने ओळखली जाणारी ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली ती त्याला. १९३४ च्या सामन्यात त्याला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या गालावर जखम झाली आणि वण राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड. व्यावसायिक संघांच्या पहिल्याच निवडीत बरवँगरचं नाव पहिलं पुकारलं गेलं, पण पैशाचं जमलं नाही आणि तो त्या वाटेला गेलाच नाही. उद्योगधंद्यात पडला.

बरवँगर गेल्यावर उरलेल्या संघाची दैना झाली. १९३९ च्या हंगामात हार्वर्डने ६१-०, ओहायो स्टेटने ६१-०, इलिनॉयने ४६-० आणि मिशिगनने तर शिकागोच्याच मैदानावर ८५-० असं हरवलं. पन्नास हजार आसनांच्या स्टेडियममध्ये रिकामे बाक उठून दिसू लागले. खेळणारी मुलं खरोखरीची विद्यार्थी होती, नियमाने शिकत होती, आणि दर शनिवारी अंग सोलून घेत होती. आता वादाचं स्वरूप बदललं. मैदान किती मोठं हवं, हा प्रश्न मागे पडून संघ हवाच कशाला, इथवर गोष्ट आली. काही जण म्हणत, लहान कॉलेजांशी खेळा, म्हणजे बरोबरीचे सामने होतील. काही म्हणत, खेळाडूंसाठी शिष्यवृत्त्या काढा आणि पुन्हा ताकदीने उभे राहा. पहिला मार्ग स्वाभिमानाला लागत होता, दुसरा तत्त्वाला.

२१ डिसेंबर १९३९ रोजी विश्वस्तांनी आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकाभर खळबळ उडाली. कुणी धाडस म्हणालं, कुणी पळपुटेपणा. जानेवारी १९४० मध्ये हचिन्स यांनी विद्यार्थ्यांसमोर उभं राहून निर्णयाची कारणं सांगितली. देणग्या आटतील, विद्यार्थी येणार नाहीत, ही भीती अनेकांना होती. विद्यापीठाचं नाव त्यामुळे खाली आलं नाही, हे आज आपण जाणतो. १९४६ मध्ये शिकागो त्या क्रीडासंघटनेतूनही बाहेर पडलं. स्वतः जन्माला घातलेल्या मंडळातून अशा रीतीने त्याने निरोप घेतला.

रिकाम्या स्टेडियमचं पुढे काय झालं, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. पश्चिमेकडच्या स्टँडच्या खाली स्क्वॉशसारखे खेळ खेळण्याची बंदिस्त कोर्टं होती. महायुद्धाच्या काळात अणुभट्टीचा पहिला प्रयोग शहराबाहेरच्या जंगलात करायचं ठरलं होतं, पण तिथलं बांधकाम कामगारांच्या संपामुळे रखडलं. मग एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्टँडखाली ग्राफाईटच्या सुमारे चाळीस हजार ठोकळ्यांचा ढीग रचला. २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी मानवाने पहिल्यांदा नियंत्रित अणुशृंखला चालवून दाखवली. प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी हचिन्सना आधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर भरवस्तीतल्या या प्रयोगाला अध्यक्ष या नात्याने त्यांना नाही म्हणावं लागलं असतं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. जयघोषासाठी बांधलेल्या बाकांखाली गुपचूप एक नवं युग सुरू झालं. फुटबॉल बंद झाला म्हणून अणुयुग आलं, असं अर्थातच नाही. हा योगायोग आहे, पण विलक्षण योगायोग आहे.

१९५७ मध्ये तो पश्चिमेचा स्टँड पाडण्यात आला. १९६७ मध्ये त्या ठिकाणी हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प बसवलं आणि १९७० मध्ये शेजारी रेगेनस्टाईन ग्रंथालय उघडलं.

फुटबॉल मात्र संपला नाही. साठच्या दशकाच्या आरंभी तो एक वर्ग म्हणून हळूच परत आला. १९६३ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या कॉलेजशी सामना ठरला, तेव्हा विरोध करणारे विद्यार्थी मैदानातच जाऊन बसले. ज्या विद्यापीठात कधीकाळी तिकिटासाठी झुंबड उडे, तिथे सामना नको म्हणून धरणं धरलं गेलं! अखेर १९६९ मध्ये संघ रीतसर पुन्हा सुरू झाला, खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांच्या गटात. नवं स्टॅग फील्ड छोटंसं आहे. बरवँगरची ती पहिली ट्रॉफी विद्यापीठाच्या क्रीडाभवनात मांडून ठेवली आहे. १९३९ मध्ये ज्यांनी लहान कॉलेजांशी खेळा असं सुचवलं होतं, त्यांचंच म्हणणं तीस वर्षांनी खरं ठरलं.

मग शिकागोने केलं ते बरोबर आणि मिशिगनने केलं ते चूक, असं म्हणायचं का? तसं म्हणता येत नाही. मिशिगन हेही जगातल्या नाणावलेल्या विद्यापीठांपैकी एक आहे आणि त्याचं स्टेडियम आजही भरतं. स्टेडियममुळे विद्या बुडते असा नियम नाही. शिवाय हचिन्स यांच्या धैर्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्यांनी बंद केला तो हरणारा संघ होता. १९०५ मध्ये मिशिगनला हरवलेल्या संघाला हात लावण्याचं बळ कुठल्याच अध्यक्षात नव्हतं, हार्पर यांच्यात तर नव्हतंच. तत्त्वाचा निर्णय झाला खरा, पण तो रिकाम्या बाकांनी शक्य केला.

शिकागोचा शेजारी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने वेगळी वाट धरली. त्याचं १९२६ मध्ये उघडलेलं स्टेडियम २०२४ मध्ये पाडलं आणि त्या जागी ऐंशी कोटी डॉलरहून अधिक खर्चाचं नवं स्टेडियम बांधायला घेतलं. त्याआधी इव्हान्स्टन गावात मोठा वाद झाला. नव्या स्टेडियमवर गाण्यांचे जाहीर कार्यक्रम होऊ द्यायचे का, या प्रश्नावर २०२३ च्या नोव्हेंबरात नगरपरिषदेत समसमान मतं पडली आणि महापौरांच्या मतावर निर्णय झाला. यातली बोलकी गोष्ट अशी की नव्या स्टेडियमची आसनं जुन्यापेक्षा कमी आहेत. जुन्यात सुमारे ४७ हजार, नव्याची योजना सुमारे ३५ हजारांची. १९२० च्या दशकात गल्ला आसनांवर अवलंबून होता. आता तो दूरचित्रवाणीच्या हक्कांवर आणि महागड्या खास कक्षांवर अवलंबून आहे. बिग टेन संघटनेत २०२४ पासून अठरा विद्यापीठं आहेत आणि ती अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पसरली आहेत. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. १९०५ मध्ये जी भानगड म्हणून छापली गेली, ती एकशेवीस वर्षांनी अधिकृत व्यवहार झाली.

आणि तरीही वाद जुनाच आहे. नवं स्टेडियम हवं म्हणणारा चाहता लोभी नसतो. आपलं तरुणपण ज्या गावात गेलं, तिथे परत येण्यासाठी त्याला एक निमित्त हवं असतं आणि आपलं विद्यापीठ कुणाच्या मागे राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं असतं. विरोध करणारा प्राध्यापकही खेळाचा शत्रू नसतो. शिकागोच्या इतिहासातून घ्यायचं ते इतकंच की आसनं किती, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, हा संघ कशासाठी. शिकागोने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं आणि पहिलं उत्तर द्यायला पंधरा वर्षं लावली. त्या पंधरा वर्षांची किंमत कुठल्याच विश्वस्ताने मोजली नाही. ती मोजली दर शनिवारी मैदानात उतरणाऱ्या मुलांनी, ८५-० चा फळा डोक्यावर घेऊन.